मुद्देमालातल्या मधमाश्या

पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात गाड्या कुजत पडलेल्या असतात, हे आपल्यापैकी प्रत्येकानं कधी ना कधी पाहिलेलं असतं. टायर मातीत रुतलेले, काचा फुटलेल्या, एखाद्या जीपच्या बॉनेटमधून बाभळीचं रोप वर आलेलं. आपण तक्रार द्यायला किंवा पासपोर्टच्या चौकशीला गेलेलो असतो. एक नजर टाकतो आणि पुढं जातो. ह्या गाड्या कुणाच्या, त्यांच्या मालकांनी गुन्हा केला होता की नव्हता, आणि त्यांच्याविना ती माणसं काय करत असतील, हे आपण कधी विचारत नाही.

नगर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचे प्रमुख, सहायक पोलीस निरीक्षक ओंकार दहातोंडे, रोज सकाळी त्याच आवारातून आपल्या खोलीत जायचे. त्यांना त्या ढिगाचं वाईट वाटत नसे. उलट, तो त्यांना आपल्या कामाचा पुरावा वाटे. माणूस मेहनती होता आणि हात स्वच्छ होते. जिल्ह्याचं नाव बदलून अहिल्यानगर झालं तेव्हा ठाण्याच्या पाट्या स्वतः उभं राहून रंगवून घेणारा, शिस्तीचा माणूस. वाळूचोरांनी त्यांचा धसका घेतला होता. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "आरोपी आज आत गेला की उद्या जामिनावर बाहेर. त्याला खरी झळ बसते ती माल अडकला की."

फेब्रुवारीत वरून पत्र आलं. जप्त मालाच्या पद्धतीत काही सुधारणा करण्याचं घाटत होतं. मालाचे फोटो आणि चित्रीकरण करून तो लवकर परत द्यावा, ज्याचा गुन्ह्याशी संबंध नाही अशाची वस्तू अडकवून ठेवू नये, असा काहीसा विचार होता आणि त्यावर ठाण्यांचा अभिप्राय हवा होता. ओंकारांनी महिला शिपाई धनश्रीला संगणकापुढं बसवून एका दमात अभिप्राय सांगितला. अशा सुधारणांनी पोलिसांचे हात बांधले जातील. संबंध आहे की नाही हे ठरवणं कोर्टाचं काम आहे, पोलिसांचं नाही. तस्कर दुसऱ्याच्या नावावरच्या गाड्या वापरतात आणि प्रत्येक जण मी निरपराध म्हणूनच येतो.

"पाठव," ते म्हणाले. धनश्रीनं पाठवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका शनिवारी उजाडता उजाडता, सोनईकडं जाणाऱ्या फाट्यावर नाकाबंदी लागली. गुटख्याची पक्की खबर होती. राज्यात गुटख्याला बंदी आहे आणि पानटपऱ्यांवर तो मिळतो, हे दोन्ही आपल्याला ठाऊक आहे. तो जिथून येतो ती वाट बंद करायचा ओंकारांनी चंगच बांधला होता. खबरीत सांगितलेला टेम्पो आला. ताडपत्री वर केली तर आत लाकडी पेट्या रचलेल्या, आणि सगळ्या पेट्यांमधून एकच दाट घोंगावणं. हवालदार ज्ञानेश्वर मामांनी हात घातला आणि चटकन मागं घेतला. बोटावर डंख बसला होता.

मधमाश्यांच्या पेट्या होत्या त्या. त्यांच्या मागं, टेम्पोच्या खोलात, गुटख्याची पोती निघाली. माश्यांच्या भीतीनं कुणी आत हात घालणार नाही, असा ड्रायव्हरचा हिशेब होता. तो मान खाली घालून उभा राहिला. केबिनमधून एक मुलगी उतरली. बावीस-तेवीस वर्षांची, अंगात सदऱ्यावर जुनं जाकीट, डोक्याला रुमाल बांधलेला.

"ह्या पेट्या कुणाच्या?" ओंकारांनी विचारलं.

"माज्या हायेत साहेब. निकिता गर्जे. पाथर्डीकडची." तिनं पेटीवरचं नाव दाखवलं. प्रत्येक पेटीवर पांढऱ्या रंगानं 'निकिता' असं लिहिलेलं होतं. "देवळाली प्रवऱ्याला कांद्याचं बी धरलंय लोकांनी. गोंडे फुललेत. पेट्या ठिवल्या की बी चांगलं भरतं, म्हनून भाड्यानं नेतात. टेम्पो काल ठरवला. पोत्याचं मला कायबी म्हाईत न्हाई."

"ठाण्यात चला. बघू."

ती सोबत आली, पण तिचं सगळं लक्ष आकाशाकडं होतं. ठाण्याच्या आवारात टेम्पो लागला तेव्हा ऊन कोवळं होतं. ती पुन्हा ओंकारांपुढं जाऊन उभी राहिली.

"साहेब, रात्रीच्या परवासासाठी माश्या कोंडलेल्या असत्यात. पेटीचं दार बंद असतं, एखाददुसरी भायेर ऱ्हाती तेवढीच. ऊन चढायच्या आत पेट्या खाली उतरून, सावलीला ठिवून दारं उघडावी लागत्यात. न्हाई तर आतल्या आत उबून मरत्यात. टेम्पो ठिवा, पोती ठिवा, मला बी बसवून ठिवा. पेट्या तेवढ्या उतरू द्या."

"पेट्यांच्या आडोशानंच माल लपवला होता," ओंकार म्हणाले. "म्हणजे पेट्यासुद्धा मुद्देमालच झाल्या. पंचनाम्यात त्या आल्या आहेत."

"मग हितंच उघडते. त्या लिंबाखाली."

"इथं? दिवसभर माणसं येतात-जातात. मामांना एकच चावली तर हात सुजलाय. उद्या कुणाचं बरंवाईट झालं तर?"

 ती टेम्पोपाशी गेली आणि ताडपत्रीच्या फटीतून पेट्यांवर पाणी शिंपडू लागली. तेवढं तिला करू दिलं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. ओंकार दुष्ट नव्हते. त्यांनी तिला चहा दिला, नाश्ता मागवला. देवळालीच्या ज्या शेतकऱ्यानं पेट्या मागवल्या होत्या त्याला स्वतः फोन लावला. तो म्हणाला, "व्हय साहेब, पोरगी खरं बोलती. मागल्या साली बी आल्ती." ड्रायव्हरनंही कबूल केलं की पोती त्यानंच पेट्या चढवायच्या आधी आत टाकून झाकून ठेवली होती, मुलीला ती दिसलीच नव्हती. दुपार व्हायच्या आत ओंकारांची खात्री पटली होती की हिचा काही संबंध नाही. तिचं नाव त्यांनी आरोपीत घातलं नाही, साक्षीदारात घातलं.

पण पेट्या सोडल्या नाहीत.

का सोडल्या नाहीत, हे त्यांनी तिला सांगितलं नाही. स्वतःशीही नीट बोलले नाहीत. त्यांच्याच बरोबरच्या एका अधिकाऱ्यानं मागं एक गाडी मालकाला परत दिली होती, तर कुणीतरी निनावी अर्ज केला की पैसे खाऊन गाडी सोडली. चौकशी लागली, माणूस घरी बसला. धरून ठेवलं म्हणून आजवर कुणा पोलिसाला जाब विचारला गेलेला नाही. सोडलं म्हणून विचारला जातो. आणि दुसरं म्हणजे, पेट्या धरल्या की जप्त मुद्देमालाची किंमत फुगत होती. दुपारी पत्रकार आले. पोती, टेम्पो आणि पेट्या मागं, पोलीस पुढं, असा फोटो निघाला.

"कोर्टाचा आदेश आणा," ओंकारांनी निकिताला सांगितलं. "मी लगेच सोडतो."

"कोर्ट आज चालू हाय का?"

दुसरा शनिवार होता. उद्या रविवार.

संध्याकाळी तिचे आईवडील आले. बाप आवाराच्या कडेला उकिडवा बसून राहिला. आई, मुक्ताबाई, टेम्पोपाशी गेली आणि पेटीला कान लावून उभी राहिली. शनिवारभर ते घोंगावणं मोठं होतं, इतकं की ठाण्यात बोलताना आवाज चढवावा लागे. माश्या आत पंख हलवून हवा खेळती ठेवायचा प्रयत्न करत होत्या, असं निकितानं धनश्रीला सांगितलं. रविवारी ऊन तापलं तसा आवाज विरळ होऊ लागला. दुपारी ओंकार खोलीत बसून जेवत होते. घास हातात असताना त्यांच्या लक्षात आलं की बाहेर काहीच ऐकू येत नाही.

ते बाहेर आले. टेम्पोच्या फळ्यांमधून मध ठिबकत होता. आत मेण वितळून पोळी कोसळली होती. मुंग्यांची रांग चाकावरून वर चढत होती.

सोमवारी कोर्ट उघडलं. एका वकिलानं अर्ज केला, सरकारी बाजूनं हरकत घेतली नाही, आणि न्यायाधीशांनी दिवस मावळायच्या आत पेट्या परत देण्याचा आदेश दिला. कोर्टानं उशीर लावला नाही. तो आदेश हातात घेऊन निकिता आली आणि लिंबाखाली एकेक पेटी उघडू लागली. आत मधात लडबडलेला, मेलेल्या माश्यांचा काळा चिखल होता. एका पेटीत राणीमाशीभोवती मूठभर माश्या हलत होत्या. तिनं ती पेटी उचलून बाजूला सावलीत ठेवली, तिच्यापुढं साखरेचं पाणी ठेवलं. इतर पेट्या रिकाम्या करून परत आली तोवर त्याही थांबल्या होत्या.

ती रडली नाही. मामांनी ताबा पावती पुढं केली. ती वाचताना ती एका ओळीवर थांबली.

"माझी काही तक्रार नाही, असं लिवावंच लागतं का?"

"तशी पद्धत आहे ताई," मामा म्हणाले.

तिनं सही केली.

फोटो रविवारच्याच पेपरात आला होता. वरिष्ठांनी फोन करून शाबासकी दिली. ओंकारांनी पेपर घडी घालून टेबलाच्या खणात ठेवला, आणि माणूस कामाला लागला की जे होतं तेच झालं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. जुगाराचे अड्डे, गणपतीचा बंदोबस्त, निवडणुकीची धामधूम. ठाण्यात कुणी त्या पेट्यांचा विषय काढत नसे. फक्त तो ठिबकता मध पाहिल्यापासून धनश्रीनं चहात साखर घालणं सोडलं होतं, आणि त्याचं कारण तिला कुणी विचारलं नाही.

दिवाळीनंतर निरोप आला. सुधारणांवर जिल्ह्याची बैठक ठरली होती. फेब्रुवारीतला ओंकारांचा अभिप्राय वरिष्ठांना आवडला होता आणि ग्रामीण ठाण्यांची बाजू त्यांनीच मांडावी असं ठरलं होतं. मानाची गोष्ट होती. ओंकार आदल्या दिवशी भिंगारला गेले. तिथं रंगनाथ सर राहत. निवृत्त पोलीस निरीक्षक. ओंकार नवखे फौजदार असताना सरांच्या हाताखाली शिकले होते. पंचनामा कसा लिहावा, खोटा साक्षीदार कसा ओळखावा, सगळं त्यांनीच शिकवलं. आता सरांचे गुडघे गेले होते. लष्कराच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्यांत ते खाटेवर बसून असत.

ओंकारांनी मुद्दे वाचून दाखवले. सरांनी डोळे मिटून ऐकले.

"चांगलं लिहिलंयस," ते म्हणाले. "यातलं बरंच खरं आहे. वाळूवाला गाडी सुटली की त्याच संध्याकाळी नदीत उतरतो, ते मी पाहिलंय. गुन्हेगाराचा माल धरायलाच हवा. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही."

"मग सर, कशाबद्दल आहे?"

"फेब्रुवारीत तुझा फोटो आला होता पेपरात. पेट्या होत्या मागं. नाव लिहिलेलं दिसत होतं, निकिता. त्या पेट्यांचं काय झालं?"

ओंकारांनी सांगितलं. थोडक्यात सांगायला गेले, पण सर मध्येच प्रश्न विचारत गेले आणि सगळं सांगावं लागलं.

"तिचा संबंध नाही, हे तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. दुपारच्या आत."

"आणि माश्या?"

"रविवारी दुपारी."

सर खाटेवर सरळ बसले. मग म्हणाले, "बंधपत्रावर ताबा देता आला असता. जो माल ठेवायला जागा नाही, जो कोर्टात नेता येत नाही, तो लिहून घेऊन योग्य माणसाच्या हवाली करायची वाट कायद्यात आहे. नव्या कायद्यातही आहे, जुन्यातही होती. मीच तुला शिकवली होती."

"माहीत होतं सर."

"मग?"

"सोडलं असतं तर उद्या कुणी म्हणालं असतं, दहातोंडेनं पैसे घेतले." ओंकारांचा आवाज खाली गेला. "आणि नियमात राहून धरून ठेवलं तर कुणी काही म्हणत नाही."

"हे लिहिलंयस का अभिप्रायात?"

ओंकारांनी हातातल्या कागदांची घडी घातली.

"लिहायला हवं," रंगनाथ सर शांतपणे म्हणाले. "पोलिसांचे हात बांधले जातील असं लिहिलंयस. हात आधीच बांधलेले आहेत, ओंकार. भीतीनं बांधलेत. ह्या सुधारणा तस्कराच्या बाजूच्या आहेत असं आपण धरून चाललोय. मला वाटतं त्या तुझ्यासारख्याच्याच बाजूच्या आहेत. चित्रीकरण करून, कारण नोंदवून, ठरल्या वेळात सोडायचं असा नियमच झाला, तर तुझ्यावर बोट कोण दाखवेल? आज सगळं अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे. म्हणून भित्रा अधिकारी सोडत नाही आणि लबाड अधिकारी विकत सोडतो. मरतो तो मधला माणूस. आणि एक सांग. चोराला शिक्षा द्यायची तर आपल्याला आरोपपत्र लागतं, साक्षी लागतात, वर्षं लागतात. त्या पोरीला शिक्षा द्यायला आपल्याला काय लागलं?"

बाहेर लष्कराचा बिगुल वाजला. सरांनी तो थांबेपर्यंत वाट पाहिली.

"तू सगळ्या ठाण्यांचे अभिप्राय घेऊन चाललायस. तिचा घेतलास?"

बैठक पुढच्या आठवड्यावर ढकलली गेली, असा फोन ओंकारांना वाटेतच आला. ती नसती ढकलली तर काय झालं असतं, सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी ते साध्या कपड्यांत, स्वतःची मोटारसायकल घेऊन पाथर्डीच्या बाजूला गेले. डोंगराच्या पायथ्याला वाडी होती. निकिताच्या घराला कुलूप होतं. पडवीत त्या पेट्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावर सरपण टाकलं होतं. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी, दगडाबाई, तूर निवडत बसली होती.

"कुनाला धुंडताय?"

"निकिता गर्जे."

"कोयत्यावर गेलीया. आईबापाच्या संगं. सोनईच्या अंगाला उसाचा फड हाय म्हनं." म्हातारीनं त्यांच्याकडं निरखून पाहिलं. "दोन साल बंद केल्तं बगा त्या पोरीनं आईबापाचं जानं. म्हनली, माज्या माश्या पोसतील तुमाला. आन मग पोलिसांनी धरलं. पेपरात आलं. कुनी म्हनतं गुटका विकती, कुनी काय. खरं-खोटं आमाला काय ठावं." आणि ती पुन्हा तुरीकडं वळली.

सोनईच्या पलीकडं उसाच्या फडात ओंकार पोचले तेव्हा उन्हं कलली होती. तोडलेल्या जागेवर पाचट पसरलं होतं. मुक्ताबाई मोळ्या बांधत होती. निकिता वाकून ऊस तोडत होती, सपासप, मान वर न करता. हाताला फडकी गुंडाळलेली. ओंकार जवळ गेले तशी ती थांबली. तिनं त्यांना ओळखलं, पण चेहऱ्यावर काही आलं नाही.

"परत काय निघालं का साहेब?"

"नाही. मीच आलोय."  "तुझ्या गावाला जाऊन आलो. पेट्या पाहिल्या."

"पेट्या हायेत. धुऊन ठिवल्यात."

"सरकारी योजना आहे. पुन्हा सुरू करता येईल. मी स्वतः चौकशी करतो."

"देवळालीवाल्यानं दुसरीकडनं पेट्या आनल्या," ती म्हणाली. "मी फोन केल्ता. म्हनला, ताई, तुजी चूक न्हाई, पर पोलीस केसचं झंजट नको. त्याचं बी बरोबर हाय. पेट्यांवर माजं नाव मीच लिवलेलं. फोटोत तेच दिसत हुतं." तिनं कोयता उसाच्या बुंध्याशी टेकवला. "मला एक सांगा. तुमाला म्हाईत हुतं ना, माजा काय संबंध न्हाई ते?"

"होतं."

"मला बी कळत हुतं की तुमाला म्हाईत हाय. तुमी चहा दिला. पानी मारू दिलं. वाईट मानूस न्हाई तुमी. त्येचंच जास्ती लागतं साहेब. वाईट मानसानं केलं असतं तर शिव्या दिऊन मोकळी झाले असते."

मुक्ताबाई मोळी तशीच टाकून उभी राहिली होती. ती म्हणाली, "आमी नेम मोडला न्हाई, कुनाचं खाल्लं न्हाई. पोरीनं शिकून धंदा केला. आता हिच्या धाकट्या भावाची शाळा बी सुटली, त्यो त्येच्या मामाकडं ऱ्हातोय. आमी काय करायचं हुतं, ते तरी सांगा."

 ओंकारांनी आयुष्यात अनेकांना जाब विचारला होता आणि खोटी उत्तरं ऐकली होती. त्या फडात उभं राहून त्यांना पहिल्यांदा कळलं की आपल्याजवळ खरं उत्तर आहे आणि ते बोलवत नाही.

"माझं चुकलं," एवढंच ते म्हणाले.

निकितानं मान हलवली. ती खूण माफीची नव्हती, ऐकल्याची होती. "ट्रॅक्टर येईल आता. मोळ्या भरायच्यात," म्हणून ती पुन्हा वाकली.

बैठकीला ओंकारांनी जुना अभिप्राय नेलाच नाही. ते उभे राहिले आणि मधमाश्यांची हकिगत सांगितली, जशी घडली तशी, त्यांना कधी काय माहीत होतं त्यासकट. खोलीत चुळबुळ झाली.

"दहातोंडे, भावनेच्या भरात जाऊ नका," एक ज्येष्ठ निरीक्षक म्हणाले. "उद्या प्रत्येक तस्कर म्हणेल, माल माझ्या मावशीचा. पडताळायला आपल्याकडं माणसं कुठं आहेत? ठाणं चालवायचं की ह्यांची दुकानं?"

"तुमची अडचण खरी आहे साहेब," ओंकार म्हणाले. "माझीही तीच होती. म्हणून मी म्हणतो की हे माझ्यावर सोडू नका. नियम करा. गुन्ह्याचा माल धरायचाच. पण ज्याचा संबंध नाही असं तपासात दिसतंय, त्याच्या वस्तूचं चित्रीकरण करून, लिहून घेऊन ती ठरल्या वेळात परत द्यायची. द्यायची नसेल तर का नाही, ते अधिकाऱ्यानं लिहायचं. सोडण्याचं कारण आज आपण देतो. धरून ठेवण्याचंही द्यावं लागलं पाहिजे."

"आणि कुणी म्हणालं, दहातोंडेनं पैसे घेतले?"

"म्हणेल. चौकशी होईल. चौकशीला माझ्याजवळ उत्तर असेल. त्या मुलीच्या आईनं विचारलं, त्याला नव्हतं."

टाळ्या वाजल्या नाहीत. काही जणांनी मान हलवली, काहींनी मोबाईल पाहिला. बहुतेकांना वाटलं की हा माणूस हळवा झालाय. वरिष्ठ म्हणाले, "मुद्दा वर कळवू." तो वर गेला. त्याचं पुढं काय झालं, हे अजून कुणाला समजलेलं नाही.

ओंकारांनी मात्र आपल्या ठाण्यापुरता नियम त्याच आठवड्यात सुरू केला. चोरीच्या मालासोबत भाजीवालीच्या पाट्या सापडल्या, त्या पंचनामा होताच तिच्या हवाली झाल्या. दारूच्या गाडीत एका सुताराची हत्यारं निघाली, ती धनश्रीनं चित्रीकरण करून संध्याकाळच्या आत त्याला दिली. थोड्याच दिवसांत निनावी अर्ज आला. दहातोंडे पैसे घेऊन माल सोडतात. चौकशी लागली. चित्रीकरण आणि लेखी कारणं पाहून चौकशी अधिकाऱ्यानं काही निष्पन्न नाही असा शेरा मारला. तरी ज्या मोठ्या ठाण्यासाठी त्यांचं नाव चर्चेत होतं, तिथं दुसरा अधिकारी गेला. ओंकारांनी भिंगारला फोन करून सरांना ते सांगितलं. "बरं," सर म्हणाले, आणि फोन ठेवला. 

बंधुभगिनींनो, जप्तीचा अधिकार आपण पोलिसांच्या हातात दिला आहे तो चोराचा हात धरायला. तो हवा, आणि चांगला अधिकारी तो हवाच म्हणणार. पण निरपराध माणसाची चाकं, हत्यारं, जनावरं, त्याच्या भाकरीचं साधन अडकवून ठेवणं ही सुद्धा शिक्षाच आहे, आणि ती खटल्याशिवाय, निकालाशिवाय दिली जाते. ती देणारा दुष्ट असावाच लागतो असं नाही. भ्यायलेला, नियमात राहिलेला, आपल्यासारखाच चांगला माणूस ती देऊ शकतो. म्हणून ही गोष्ट माणसांच्या चांगुलपणावर सोडून भागत नाही. कायद्यानंच विचारलं पाहिजे की, हे कुणाचं आहे, आणि ते तू अजून का धरून ठेवलंयस? आणि कायदा विचारत नसेल तर आपण विचारलं पाहिजे.

निकिता त्या साली साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, फडातच होती. ओंकारांनी मधुमक्षिका पालनाच्या योजनेचे कागद तिच्या वाडीवर पोचवले. दगडाबाईनं ते नीट सांभाळून ठेवले. उन्हाळ्यात निकिता परत आली, तिनं ते वाचले, आणि म्हणाली, "बघू पुढच्या साली." पुढच्या सालीही ती आईबापांसोबत ऊसतोडीला गेली.